शॉकअप कुठे टांगायचा?

शॉक अ‍ॅब्झॉर्बर शॉक शोषून घेत नाही. नाव चुकीचं आहे आणि शंभर वर्षं तसंच चालू आहे. खड्ड्याचा धक्का झेलतात त्या स्प्रिंगा. ट्रकला असतात तसे कमानपाटे असोत की बाइकला असते तशी गुंडाळीची स्प्रिंग, धक्का आधी तिच्यावर येतो. पण स्प्रिंग उधारी ठेवत नाही. घेतलेलं सगळं लगेच परत करते. मग गाडी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. हे झुलणं थांबवायचं काम शॉक अ‍ॅब्झॉर्बरचं. हालचालीतली ऊर्जा घर्षणाने किंवा तेलाने उष्णतेत बदलायची आणि हवेत सोडून द्यायची, एवढंच तो करतो. ब्रिटिश लोक त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात, ते जास्त बरोबर आहे. आपल्या गॅरेजमध्ये त्याला ‘शॉकअप’ म्हणतात, आणि या लेखात मीही तेच म्हणणार आहे.

यंत्रांचा इतिहास आपण बहुतेक वेळा शोध लावणाऱ्यांच्या नावांनी सांगतो. अमक्याने अमक्या साली पेटंट घेतलं, मग तमक्याने सुधारणा केली. शॉकअपचाही इतिहास तसा सांगता येतो, पुढे थोडा सांगणारही आहे. पण शॉकअप कितीही भारी असला तरी तो हवेत तरंगत नाही. त्याचं एक टोक गाडीच्या चासीला धरावं लागतं आणि दुसरं चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागाला. ही दोन टोकं कुठे आणि कशी धरायची? हा प्रश्न ज्या ब्रॅकेटने सोडवला त्याच्या शोधकाचं नाव कुठेच सापडत नाही. तरी गाडीवर सगळ्यात जास्त काळ टिकतं ते हे ब्रॅकेट आणि त्याची भोकं. शॉकअप झिजतो, गळतो, फेकला जातो. भोक तिथेच राहतं.

हे मला एका जुन्या पिकअप ट्रकने शिकवलं.

१९४९चा ट्रक

मी मुलुंडची. मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कोड लिहिते आहे, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. सध्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बरला असते. माझ्या शेजारचे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी डाय बनवायचं काम केलं. त्यांच्या गॅरेजमध्ये त्यांच्या वडिलांचा १९४९चा शेवरोले ३१०० पिकअप आहे. शेवरोलेने १९४७मध्ये ही गोलसर नाकाची मालिका आणली आणि १९५५पर्यंत चालवली. जुन्या अमेरिकन पिकअपचं चित्र काढायला सांगितलं तर बहुतेक लोक नकळत याच मालिकेतला ट्रक काढतील.

आजोबांची नात सोळा वर्षांची झाली, तिला लायसन्स मिळालं आणि तिने हा ट्रक मागितला. आजोबांनी हो म्हटलं, पण एक अट घातली. आधी शॉकअप. जुने शॉकअप गळून कोरडे झाले होते आणि खडीच्या रस्त्यावर पुढची चाकं उड्या मारत होती. चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच ब्रेक आणि स्टिअरिंगला अर्थ असतो. हवेतलं चाक कुणाचंच ऐकत नाही.

आजोबांची बोटं संधिवाताने आखडली आहेत. मला म्हणाले, “डोकं माझं आहे. पाना धरायला हात हवेत.” म्हणून मी सलग सहा शनिवार त्या ट्रकखाली पाठीवर पडून होते.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की मी कॉलेजात शिकले होते तसला शॉकअप तिथे नव्हताच. लांबट नळी नाही, आत-बाहेर होणारा दांडा नाही. चासीच्या बाजूला दोन बोल्टांनी आवळलेला बिडाचा एक ठोकळा, त्यातून बाहेर आलेला एक हात आणि हाताच्या टोकाला खाली अ‍ॅक्सलकडे जाणारी छोटी कडी. दाराला आपोआप बंद करणारं यंत्र असतं ना, तसंच काहीसं. याला लिव्हर शॉक म्हणतात.

घर्षण, पट्टा, तेल

हा ठोकळा तिथे कसा आला, ते आता पाहू.

घोडागाड्यांना कमानपाटे होते. ओबादाया एलियट या इंग्रज माणसाने अशा स्प्रिंगांचं पेटंट १८०४मध्ये घेतलं. पाट्यावर पाटा रचलेला असतो, त्यामुळे ते एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेच झुलणं थोडंफार आटोक्यात राहतं. घोड्याच्या वेगाला तेवढं पुरत होतं. मोटार आली, वेग वाढला आणि ते पुरेनासं झालं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या माणसाने कात्रीसारखे दोन हात आणि त्यांच्या सांध्यात घर्षणाच्या चकत्या, असा डॅम्पर बनवला. एडवर्ड हार्टफर्डने तो अमेरिकेत आणून विकला. मग क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरने वेगळीच युक्ती काढली. त्याने चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये गुंडाळलेला पट्टा लावला. चाक वर येताना पट्टा मोकळा, उसळी मारून परत जाताना मात्र त्याला ओढून धरायचा. फॉस्टर त्याआधी मोटारीचे भोंगे विकत असे. भोंगा फुंकणारा देवदूत म्हणून त्याने मालाला नाव दिलं होतं ‘गेब्रिएल’. भोंगा गेला, नाव शॉकअपला चिकटलं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

तेलाचा वापर खऱ्या अर्थाने पसरवला तो मोरिस हुदाय या फ्रेंच माणसाच्या डॅम्परने. बंद डबीत तेल, आत फिरणारं पातं आणि तेलाला जायला बारीकशी वाट. पातं हळू फिरवलं तर तेल सहज सरकतं, झटक्याने फिरवलं तर अडतं. फोर्डचं मॉडेल टी दीड कोटींच्या घरात विकलं गेलं आणि त्याला कारखान्यातून शॉकअप येतच नव्हते. १९२७च्या डिसेंबरात आलेल्या मॉडेल ए फोर्डला मात्र चारही चाकांना हुदायचे डॅम्पर होते. ते अमेरिकेत बफेलो शहरात बनत. शेवरोले ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सकडे डेल्को होतं. डेल्कोच्या लिव्हर शॉकमध्ये फिरत्या पात्याऐवजी पिस्टन होता, पण बाहेरून घडण तीच. आमच्या ट्रकखालचा ठोकळा त्याच कुळातला.

यातल्या बहुतेकांमध्ये एक गोष्ट समान आहे. यंत्राचा मुख्य भाग चासीला घट्ट बसवलेला आणि अ‍ॅक्सलकडे फक्त एक हात किंवा पट्टा गेलेला. चासीवर सपाट जागा आणि दोन भोकं एवढं मिळालं की काम झालं. चासी बनवणाऱ्याला शॉकअपचा फारसा विचार करावा लागत नसे.

नळी आली, जागा बदलली

लिव्हर शॉकची अडचण अशी, की चाक बराच मोठा प्रवास करतं, पण आतला पिस्टन जेमतेम हलतो. थोड्याशा तेलावर प्रचंड दाब येतो. तेल तापतं, दांड्याजवळचं सील गळायला लागतं. दर थोड्या दिवसांनी झाकण उघडून तेल भरावं लागतं, आणि ते भरायला विसरलं की ठोकळा नुसता शोभेचा उरतो.

नळीचा शॉकअप सरळ चासी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये उभा राहतो. चाक जितकं हलेल जवळजवळ तितकाच त्याचा पिस्टन हलतो. तेल जास्त, दाब कमी, आणि बाहेरची सगळी नळी हवेत, म्हणून थंडही लवकर होतो. आमच्या घरापासून तासाभरावर ईरी सरोवराच्या काठी मन्रो नावाचं गाव आहे. तिथल्या टायरचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीने १९२६मध्ये शॉकअप बनवायला सुरुवात केली, आणि पुढे नळीच्या शॉकअपसाठी गावाचं नाव जगभर गेलं. नकाशा उघडून बघा. हुदायचं बफेलो, गेब्रिएलचं क्लीव्हलँड, जीप जिथे बनली ते टोलीडो आणि मन्रो, ही चारही गावं या एकाच सरोवराच्या काठाने आहेत.

जीपचं नाव उगाच घेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनल्या आणि त्यांना नळीचे शॉकअप होते. वर चासीच्या ब्रॅकेटला खुंटी, खाली कमानपाट्यांना आवळणाऱ्या पट्टीवर खुंटी. शॉकअपच्या दोन डोळ्यांत रबरी बुश घालायचे, खुंट्यांवर सरकवायचे, झालं. चिखलात, अंधारात, साध्या पान्याने बदलता येईल असं ते काम होतं.

शेवरोलेच्या पिकअपला नळीचे शॉकअप आले १९५०मध्ये. म्हणजे आजोबांचा ट्रक एका वर्षाने चुकला होता. बाहेरून १९४९चा आणि १९५०चा ट्रक शेजारी उभे केले तर सहज ओळखू येणार नाहीत. खाली वाकून बघितलं तर दोन वेगळी युगं दिसतात.

शोध

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. जुने लिव्हर शॉक खोलून नवे सील घालून घ्यायचे. अमेरिकेत हे काम करणारे कारागीर अजून आहेत. किंवा ट्रकला नळीचे शॉकअप बसवायचे.

ट्रक होता तसाच ठेवावा, असं मला वाटत होतं. इतिहास आवडणाऱ्या माणसाला तसंच वाटणार. आजोबांचं उत्तर वेगळं होतं. “मी नसताना यातला एखादा गेला तर तिला दुकानात जाऊन नवा आणता आला पाहिजे. अर्ध्या तासात बसवता आला पाहिजे. लिव्हर शॉक दुरुस्त करणारा माणूस शोधत ती कुठे फिरेल?” यावर मला बोलायला काही उरलं नाही. त्यांची दुसरी अट मात्र कडक होती. वडिलांच्या चासीला नवं भोक पाडायचं नाही.

खालच्या टोकाची सोय लवकर झाली. गावाबाहेर एका शेतावर १९५०नंतरच्या याच मालिकेच्या ट्रकचा सांगाडा गवतात पडला होता. मालकाने थोडे पैसे घेतले आणि म्हणाला, हवं ते काढा. त्याच्या यू-बोल्टखालच्या पट्टीवरच शॉकअपची खुंटी होती. पाट्यांची रुंदी आणि यू-बोल्टमधलं अंतर मोजलं, जुळलं. गंजलेले नट तापवून, तेल सोडून, एक अख्खा शनिवार घालवून आम्ही पट्ट्या काढल्या.

वरची खुंटी त्या सांगाड्याच्या चासीवर होती, ती काही घरी नेता येणार नव्हती. मग शिलालेखाचा ठसा घेतात तसा आम्ही चासीवर कागद दाबून कोळशाने घासून ठसा घेतला. खुंटी, भोकं, अ‍ॅक्सलच्या मध्यापासूनचं अंतर, सगळं त्या कागदावर उमटलं. फ्लिंट किंवा डेट्रॉइटच्या कुठल्यातरी ड्रॉइंग ऑफिसमध्ये १९५०च्या आसपास कुणीतरी घेतलेला एक निर्णय आमच्या हातात गुंडाळून ठेवलेला होता.

मोजमाप

शॉकअपची जागा ठरवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, लांबी. चाक जास्तीत जास्त वर गेलं, म्हणजे अ‍ॅक्सल रबरी ठोकळ्याला टेकला, तरी शॉकअप पूर्ण मिटता कामा नये. तो आधी मिटला तर अख्ख्या ट्रकचा धक्का त्याच्या खुंटीवर येतो. तसंच चाक पूर्ण लोंबकळलं तरी तो ताणून संपता कामा नये. आम्ही एकात एक सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन नळ्यांचा खोटा शॉकअप केला, जॅकने अ‍ॅक्सल वरखाली केला आणि दोन्ही टोकांना खुणा केल्या.

दुसरी, कोन. जागा नसली की शॉकअप तिरका टांगतात, आणि तिरका टांगला की त्याचा जोर घटतो. इथे कोसाइन दोनदा लागतो, कारण तिरक्या शॉकअपचा पिस्टन कमी हलतो आणि तो जो जोर लावतो त्यातलाही काही भागच उभ्या दिशेला मिळतो. उभ्यापासून ३० अंश कललेला शॉकअप चाकाशी ७५ टक्केच काम करतो, ४५ अंशांवर निम्मंच. मी हे स्प्रेडशीटमध्ये मांडलं. आजोबांनी पुठ्ठा, खिळा आणि दोरा घेतला आणि तेच उत्तर माझ्याआधी काढलं.

तिसरी, चासी. ट्रकची चासी म्हणजे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकवलेली पोलादी पट्टी. तिच्या वरच्या आणि खालच्या कडांवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथे भोक पाडायचं नाही, पाडायचंच तर मधल्या उभ्या भागात. कारखान्याने लिव्हर शॉकची दोन भोकं बरोबर तिथेच पाडली होती. आमचा बेत सोपा होता. त्याच दोन भोकांना एक जाड पट्टी आवळायची, तिला ठशाप्रमाणे खुंटी बसवायची. नवं भोक शून्य.

उजव्या बाजूला बेत जमला. डाव्या बाजूचा ठोकळा काढला, गंज तारेच्या ब्रशने घासला, आणि भोकापासून वर निघालेली केसासारखी रेघ दिसली. तडा.

दोष कुणाचा नव्हता. पंचाहत्तर वर्षांचं वय, शेतातली ओझी, खडीचे रस्ते. पोलाद लक्षात ठेवतं, एवढंच. पण तडा गेलेल्या भोकाला शॉकअपची खुंटी लावून सोळा वर्षांच्या मुलीला रस्त्यावर पाठवता येत नाही. आजोबा बराच वेळ टॉर्च धरून बघत बसले. मग म्हणाले, “ड्रिल दे.”

तडा थांबवायची जुनी रीत आहे. तो जिथे संपतो तिथे एक छोटं गोल भोक पाडायचं. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकाला टोक नसतं, ताण पसरतो. नवं भोक नको म्हणणाऱ्या माणसाने पहिलं नवं भोक स्वतःच्या हाताने पाडलं. पुढे एका वेल्डरला बोलावून तडा भरून घेतला, आतून जोडपट्टी लावली, आणि तिचा जोर पसरावा म्हणून आणखी दोन भोकं पाडून बोल्ट घातले. डोक्यावर सहा रेघांची खूण असलेले, ग्रेड आठचे. प्रत्येक भोकाची कड आजोबांनी कानशीने गुळगुळीत केली.

शिवडी आणि मुलुंड

या ट्रकचे भाऊबंद आपल्याकडेही होते. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुट्या भागांच्या पेट्या जहाजातून यायच्या आणि शेवरोलेच्या मोटारी, ट्रक आणि बस तिथे जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, की नुसती जोडणी नको, भाग इथेच बनवा. ते न करता जनरल मोटर्सने १९५४मध्ये शिवडीचं काम थांबवलं. रस्त्यावर धावणारे ट्रक मात्र थांबले नाहीत. त्यांना शॉकअप लागतच होते.

१९६१मध्ये दीप आनंद यांनी मुलुंडमध्ये शॉकअपचा कारखाना सुरू केला. नाव गेब्रिएल इंडिया. क्लीव्हलँडच्या भोंग्यावरचा देवदूत असा आमच्या मुलुंडला पोचला होता, आणि मला ते मिशिगनमध्ये ट्रकखाली पडून कळलं. लहानपणी ‘गेब्रिएल’ हे माझ्यासाठी फक्त समोरच्या बिल्डिंगमधले काका जिथे कामाला जायचे त्या कंपनीचं नाव होतं.

मी काकांना व्हिडिओ कॉल केला, खुंटी दाखवली. रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, “गाडी जॅकवर आहे का गं?” म्हटलं, हो. “मग नट नुसता टेकव. आवळू नकोस. गाडी चाकांवर उतरव, वजन येऊ दे, मग आवळ. नाहीतर बुश पिळलेला राहतो, चार महिन्यांत फाटतो.” आजोबांना मी हे इंग्रजीत सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “त्यांना सांग, मीही हेच सांगणार होतो.”

दोघं एकमेकांना कधी भेटणार नाहीत. पण नट कधी आवळायचा, यावर त्यांचं एकमत होतं. कोडमध्ये आम्ही याला इंटरफेस म्हणतो. आतला भाग कुणीही, कुठेही लिहावा, जोडण्याची जागा दोघांनी पाळली की काम चालतं. शॉकअपचे दोन डोळे आणि दोन खुंट्या म्हणजे असाच करार आहे. क्लीव्हलँड, मन्रो, टोलीडो, मुलुंड, सगळ्यांनी तो पाळला म्हणून आजही दुकानातून नवा शॉकअप आणून जुन्या गाडीला लावता येतो.

त्या चासीच्या डाव्या बाजूकडे आता बघितलं तर सगळं वाचता येतं. १९४९ची दोन भोकं, पंचाहत्तर वर्षांचा तडा, तो थांबवणारं छोटं भोक, वेल्डची रेघ, आमचे दोन बोल्ट. कुठल्याही पुस्तकात हा क्रम सापडणार नाही.

रंग मारायच्या आधी आजोबांनी ठोकून अक्षरं उमटवायचे त्यांचे जुने पंच काढले आणि पट्टीवर दोन आकडे उमटवले. शॉकअपची मिटलेली लांबी आणि ताणलेली लांबी. मी म्हटलं, तुमचं नावही टाका ना, वर्षही टाका.

“कशाला?” ते म्हणाले. “तिला नावावर शॉकअप मिळणार नाही.”